टीव्ही काढता कसा येतो?

रामनवमीच्या आठवड्यात पोहरादेवीला रस्त्याच्या कडेला उभं राहून नुसत्या गाड्या बघाव्यात. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून, आंध्रातून बंजारा समाज जगदंबामातेच्या आणि सेवालाल महाराजांच्या दर्शनाला येतो, आणि येताना संसार सोबत आणतो. मालवाहू टेम्पोच्या हौद्यात खाली गाद्या, वर ताडपत्री, कोपऱ्यात गॅसची शेगडी, पाण्याचा निळा ड्रम, मागच्या फाळक्याला साडीचा पाळणा, आणि टपाच्या आतल्या दांड्याला सुतळीनं टांगलेला मोबाइल. त्या मोबाइलखाली सात-आठ पोरं माना वर करून बसलेली असतात. परदेशात यालाच मोटरहोम म्हणतात आणि त्यासाठी बँक कर्ज देते.

आपल्या सरकारनंही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर, आत झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, वगैरे. धोरण चांगलंच आहे. फक्त ते लिहिणाऱ्यांनी त्याआधी एकदा रामनवमीला मानोरा-पोहरादेवी रस्त्यावर येऊन जायला हवं होतं, म्हणजे ही सोय बिनधोरणाची किती वर्षं चालू आहे ते कळलं असतं.

पण मला लिहायचंय ते एका वेगळ्याच मोटरहोमबद्दल. ते पोहरादेवीत नाही, कधी येणारही नाही. मात्र त्यासंबंधीचे सगळे निर्णय पोहरादेवीजवळच्या आमच्या तांड्यात, दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, ओसरीवर झाले.

दादांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, कॅनडात एडमंटनला असतो. अल्बर्टा नावाच्या प्रांताची ती राजधानी. त्यानं जुनं मोटरहोम घेतलं, 2003 सालचं. आत गॅसची शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, दोन पलंग आणि दोन टीव्ही. गाडी उत्तम चालत होती. दोन्ही टीव्ही बिघडलेले होते. पुढचा, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कपाटातला, जुन्या पद्धतीचा, मागे पोट असलेला; तो मुळीच लागत नव्हता. मागचा, पलंगासमोरचा, आधीच्या मालकानं बसवलेला चपटा. तो लागायचा, पण एका कोपऱ्यातून काळा डाग पसरत निम्म्या पडद्यावर आला होता. नवे दोन टीव्ही घ्यायचे हे पुतण्यानं एका संध्याकाळी ऑफिसातून येता येता ठरवलं असतं, तर विषय तिथंच संपला असता. त्यानं ते आईला फोनवर सांगितलं.

उन्हाळ्यात आपल्यात आणि एडमंटनमध्ये साडेअकरा तासांचा फरक असतो. आपल्याकडं सकाळचे सात म्हणजे तिकडं आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसात. दोन्हीकडं चहाची वेळ. त्यामुळं व्हिडिओ कॉल रोज ठरल्या वेळी लागायचा आणि मोबाइल ओसरीवरच्या तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला जायचा. समोर दादा, वहिनी, इंग्रजी पुस्तिका वाचता येते म्हणून मी, दिग्रसहून डिश आणि सीसीटीव्हीची कामं करायला येणारा एक मेकॅनिक पोरगा, आणि सोसायटीच्या कामाला निघालेलं आणखी कुणी ना कुणी. संभाषण अर्थातच आमच्या बंजारा गोरबोलीत व्हायचं. ते मी इथं वऱ्हाडीत देतोय, आईला म्हणायचं ‘याडी’ तेवढं तसंच ठेवून. मतभेदाचा कडकपणा दोन्हीत सारखाच उतरतो.

पहिला मुद्दा वहिनींचा होता.

“गाडीत दोन टीव्ही कायले पायजे रे? घरात किती हायत?”

“घरात एक हाय, याडी.”

“घरात एक आन् गाडीत दोन. मंग राह्यतेस कुठं तू?”

पुतण्यानं सांगितलं की दोन तर कमीच आहेत, काही मोटरहोमना तिसराही असतो, गाडीच्या बाहेरच्या अंगाला, झाकणाच्या आत. झाकण उघडायचं, अंगणात खुर्च्या टाकायच्या आणि बघायचं. हे ऐकून दादा एकदम सावरून बसले. इतका वेळ त्यांना हा सगळा प्रकार थिल्लर वाटत होता. बाहेरचा टीव्ही म्हटल्यावर त्यात त्यांना पहिल्यांदाच काहीतरी माणुसकी दिसली.

याला कारण आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा मुख्यमंत्रिपदावर गहुलीचे वसंतराव नाईक होते, म्हणजे आमच्याच समाजाचे, पुसदजवळचे. पण मुंबईहून निघालेलं चित्र आमच्या तांड्यापर्यंत पोचायला पुढं आणखी पंधराएक वर्षं गेली. ते आलं ते ‘रामायणा’बरोबर. 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988, दर रविवारी सकाळी. तांड्यात टीव्ही एकच, चौदा इंची, काळा-पांढरा. वीज असून नसल्यासारखी. त्या टीव्हीच्या मागं मात्र बारा व्होल्टची एक पिन असायची, आणि तांड्यात बारा व्होल्टची बॅटरी असलेला ट्रॅक्टर एकच होता. तो दादांच्या ताब्यात. रविवारी सकाळी दादा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पाना घेऊन ट्रॅक्टरजवळ जायचे आणि बॅटरी काढून आणायचे. वायरीच्या टोकांना लाल-काळे चिमटे. ते उलटे लागले तर टीव्ही जळेल, म्हणून चिमट्यांना दादांशिवाय कुणी हात लावायचा नाही. अंगणात दोनशे माणूस.

ज्यांनी बॅटरीवर टीव्ही बघितलेला नाही त्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. बॅटरी उतरायला लागली की टीव्ही एकदम बंद पडत नाही. चित्र कडेनं आकसत येतं. आधी दोन्ही बाजूंना काळे पट्टे, मग ते पट्टे आत सरकतात, आणि मधे राम-लक्ष्मण एकमेकांना चिकटून उभे राहतात. शेवटच्या युद्धात दहा तोंडांचा रावण आला तेव्हा बॅटरी आधीच निम्मी झालेली. त्याची कडेची तोंडं रामाच्या बाणाची वाट न बघता गेली. म्हाताऱ्यांनी हात जोडले. सोमवारी ट्रॅक्टर ढकलून सुरू करावा लागायचा, आणि आदल्या दिवशी ज्यांनी ‘रामायण’ फुकट बघितलं ते सगळे ढकलायला हजर असायचे. दादांनी हा नियमच केला होता.

त्यामुळं पुतण्या जेव्हा म्हणाला, “बापू, गाडीत बॅटरी बारा व्होल्टची असते, त्यावर चालणारा टीव्ही पायजे,” तेव्हा ओसरीवर जो माणूस हसला तो गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयाबद्दल कुणी आपल्याला विचारेल याची वाट बघत असावा.

बारा व्होल्टवर थेट चालणारे टीव्ही तिकडं मिळतात. डब्यावर गाडीचं, तळ्याचं आणि हसऱ्या कुटुंबाचं चित्र असतं आणि त्या चित्राचे पैसे लावलेले असतात. दुसरा मार्ग म्हणजे साधा घरगुती टीव्ही घ्यायचा आणि इन्व्हर्टर लावायचा. म्हणजे बॅटरीतले बारा आधी एकशेवीस करायचे, आणि मग टीव्हीचा अडॉप्टर ते पुन्हा खाली उतरवणार. या चढ-उतारात बॅटरीची थोडी वीज वाटेतच जिरते. मेकॅनिक पोरानं तिसरा मार्ग काढला. लहान टीव्हींना हल्ली बाहेरचा अडॉप्टर असतो, लॅपटॉपसारखा. त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचायची. काहींवर एकोणीस व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर बारा. बारावाला उचलायचा, डब्यावर तळं नसलं तरी.

“पण सरळ बॅटरीले जोडू नका हां,” पोरगा म्हणाला. “बॅटरी नावाची बाराची असते. चार्ज होताना चौदाच्या वर जाते. मधात रेग्युलेटर टाका.”

दादांनी मान डोलावली. नावाची एक आणि कामाची वेगळी, हे आमच्या भागात विजेबद्दल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या घरात 230 व्होल्ट येतात, बिलावर. प्रत्यक्षात संध्याकाळी पंखा किती जोरात फिरतो त्यावरून आकडा ठरतो, आणि म्हणून प्रत्येक टीव्हीशेजारी लेकुरवाळ्या बाईच्या कडेवरच्या पोरासारखा एक स्टॅबिलायझर असतो. वहिनींनी तो तिकडं लावायला सांगितलाच. शिवाय दिग्रसला त्यांच्या ओळखीचं दुकान आहे, तिथून टीव्ही घेऊन इकडून जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवून देऊ, असाही प्रस्ताव आला. तिकडचं प्रक्षेपण वेगळ्या पद्धतीचं असतं, इकडच्या टीव्हीला ते पकडता येणार नाही, असं पुतण्यानं पाच मिनिटं समजावलं. “दुकानदार समजवून देईन,” वहिनी म्हणाल्या.

मग आला भोकाचा प्रश्न. यावर समितीचा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो योग्यच गेला असं माझं मत आहे.

पुढचा पोटवाला टीव्ही पुतण्यानं शेजाऱ्याच्या मदतीनं एकदाचा उतरवला. तो गेल्यावर ड्रायव्हरच्या डोक्यावर राहिलं एक चौकोनी भगदाड. बावीस इंच रुंद, वीस इंच उंच आणि वीस इंच खोल. त्या काळचे टीव्ही जवळजवळ चौकोनी होते, हल्लीचे आडवे. आणि टीव्हीचा इंच म्हणजे एक स्वतंत्र जमात आहे. तो रुंदीचाही नसतो, उंचीचाही नसतो. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जातो. दादांना हे मुळीच पटलं नाही.

“वावर असं मोजतात का कोणी? तलाठी असा तिरपा चालला तं लोक मारतीन त्याले.”

तरीही गणित करावंच लागलं. बत्तीस इंची टीव्ही अठ्ठावीस इंच रुंद, तो बाद. चोवीस इंचीचा पडदा एकवीस इंच रुंद, त्याला कडेची पट्टी धरून पावणेबावीस. म्हणजे आत जाणार, पण बोट घालायला जागा राहणार नाही. बावीस इंची घेतला तर दोन्हीकडं फटी. चोवीस ठरला. पण उंची त्याची तेराच्या आत. वर सात इंच मोकळे राहतात, आणि मागं सोळा-सतरा इंचांची पोकळी.

मागच्या पोकळीत काय ठेवायचं यावर तिकडून सूनबाईंनी चार्जर आणि केबली असं उत्तर दिलं. ते कुणीच मनावर घेतलं नाही. खरा वाद वरच्या सात इंचांचा. पुतण्याचं म्हणणं, प्लायवूडची पट्टी मारून बंद करतो. वहिनी काही वेळ पडद्याकडं बघत राहिल्या.

“गाडीत देव कुठं हायत?”

पुतण्या गप्प.

“दोन टीव्ही हायत. देव कुठं हायत?”

अशा रीतीनं सात इंचांत मधोमध सेवालाल महाराजांची तसबीर आणि शेजारी जगदंबामाता यांची स्थापना झाली. मी भारत सोडून कुठं गेलेलो नाही, पण कॅनडाच्या हमरस्त्यांवर धावणाऱ्या मोटरहोमांत चोवीस इंची टीव्हीवर इतका नेमका बसणारा देव्हारा दुसरा नसावा. टीव्ही चौकोनी राहिले असते तर ही सोय झाली नसती, एवढं श्रेय आडव्या पडद्याला द्यायला हवं.

इथवर सगळं मापाचं आणि मतांचं चाललं होतं. थंडी निघाली ती काळ्या डागावरून. मागचा चपटा टीव्ही कशानं गेला, असं मेकॅनिकनं विचारलं, आणि पुतण्या म्हणाला, आधीच्या मालकानं गाडी हिवाळाभर मैदानात उभी ठेवली होती, बहुतेक त्यानं.

“किती थंडी असते?”

“उणे तीस होते कधी कधी.”

आमच्याकडं दहावर पारा आला की तांड्यात शेकोट्या पेटतात आणि वाशीम जिल्हा गारठला अशी बातमी छापून येते. उणे तीस ही गोष्ट ओसरीवर कुणाच्या डोक्यात शिरेना. जानेवारी 2024 मध्ये तर त्या भागात उणे चाळीसच्याही खाली गेलं होतं, असं पुतण्यानं सांगितलं. 13 जानेवारीच्या संध्याकाळी प्रांतातल्या सगळ्या लोकांच्या मोबाइलवर एकदम कर्कश भोंगा वाजला आणि सरकारचा निरोप आला, की वीज पुरेनाशी झाली आहे, नको ते दिवे आणि यंत्रं ताबडतोब बंद करा, नाहीतर पाळीपाळीनं वीज तोडावी लागेल. लोकांनी बंद केली आणि काही मिनिटांत मागणी उतरली, वीज तोडायची वेळ आली नाही.

यावर ओसरीवर जी शांतता पसरली ती आदराची होती. आधी सांगून लोडशेडिंग करायचं, तेही मोबाइलवर, आणि लोकांनी ऐकायचं! शेवटी सोसायटीवाले म्हणाले, “आपल्याकडं असा भोंगा लावला तं चोवीस तास वाजतच राहीन.”

थंडीत टीव्हीचं नेमकं काय होतं, ते त्या मेकॅनिक पोरानं चांगलं सांगितलं. चपट्या टीव्हीच्या पडद्यात दोन काचांच्या मधे एक पातळ द्रवाचा थर असतो. त्यातले कण वळले की उजेड अडतो किंवा सुटतो आणि त्यातून चित्र तयार होतं. थंडीत हा द्रव दाटतो, कण वळायला वेळ लागतो, चित्र रेंगाळतं. माणूस पडद्यावरून निघून जातो आणि त्याची सावली मागं राहते. फार थंडी झाली तर ते वळतच नाहीत. पुन्हा ऊब आली की बहुतेक वेळा सगळं पूर्ववत होतं. पण बहुतेक वेळा. काच, चिकटपट्ट्या आणि प्लास्टिक हे थंडीत सारख्या प्रमाणात आखडत नाहीत, आणि वर्षानुवर्षं असं आखडणं-पसरणं चालू राहिलं की कुठंतरी सुटतं.

माझ्या वाट्याला पुस्तिकांचं वाचन आलं होतं. पुतण्या एकेका टीव्हीची पुस्तिका पाठवायचा, मी शेवटच्या पानावरचे बारीक तक्ते वाचायचो. त्यात दोन तापमानं दिलेली असतात, एक वापरायचं आणि एक साठवायचं. हा फरक आपण दुकानात कधीच विचारत नाही. बऱ्याच कंपन्या साठवणीसाठी उणे वीसपर्यंतची मुभा देतात. त्याखाली तुमचं नशीब. वापरासाठी वरची मर्यादा साधारण चाळीस असते. हे वाचल्यावर मी माझ्या घरातल्या टीव्हीची पुस्तिका शोधून काढली. तिच्यातही चाळीसच. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे चालायचं ठरवलं, तर आमच्या भागात मार्चअखेरपासून मृग लागेपर्यंत दुपारी टीव्ही लावताच येणार नाही. मे महिन्यात पत्र्याच्या घराघरांत पंचेचाळीस अंशांत ज्या मालिका चालतात, त्या सगळ्या नियमबाह्य आहेत. हे मी वहिनींना सांगितलं. त्यांनी टीव्हीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आवाज वाढवला.

एडमंटनचा निष्कर्ष उघड होता. कुठलाच टीव्ही उणे तीसमध्ये ठेवायच्या लायकीचा नाही. हिवाळ्याआधी दोन्ही काढून घरात आणायचे. यावर कंपनी कोणती, रंग कसे दिसतात, आवाज कसा येतो, कोपऱ्यातून बघितलं तर चित्र फिकट पडतं का, हे सगळे प्रश्न मागं पडले आणि एकच राहिला. तो दादांचा. पुतण्या रोज नव्या टीव्हीचं वर्णन करायचा आणि दादा रोज तेच विचारायचे.

“काढता कसा येतो?”

मला हा प्रश्न फार आवडला. दुकानात गेल्यावर आपण विचारतो तो बसवता कसा येईल हे. दुकानदारही माणूस पाठवतो तो बसवायला. तो भिंतीत आरपार भोकं पाडून, रावळप्लग ठोकून, आता हा तुमच्या नातवापर्यंत हलत नाही असं सांगून जातो. काढायचा विचार कुणीच करत नाही. दादा तसा विचार करतात, कारण आमच्याकडं तो चालत आलेला आहे. ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरला. त्यानं बंजाऱ्यांचे दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे लिहून ठेवलेत. धान्य, मीठ लादून चाललेले. समोरून असा तांडा आला तर तो पुढं जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस वाट बघत थांबावं लागे, असं तो म्हणतो. हीच आमची लदेणी. हजारो गोण्या रोज संध्याकाळी उतरायच्या आणि पहाटे पुन्हा लादायच्या. जी गाठ अंधारात, थंडीत, एका हातानं सुटत नाही ती गाठ त्यात चालायचीच नाही. पुढं रेल्वे आली, पक्के रस्ते आले, इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून फिरणाऱ्या माणसालाच संशयित ठरवलं, आणि लदेणी बसली. गाठी बांधायची सवय गेली. काढता कसा येतो हा प्रश्न मात्र घरात राहिला. दादा तो सोफासेटबद्दलही विचारतात.

पुतण्याच्या मुलाला हे माहीत नव्हतं. गेल्या खेपेला तो आला तेव्हा आम्ही त्याला पोहरादेवीचं बंजारा विरासत संग्रहालय दाखवायला नेलं. नगाऱ्याच्या आकाराची इमारत, 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेली. बाहेर आल्यावर पोरगा बराच वेळ विचार करून आजोबांना म्हणाला, म्हणजे आपण आधीपासूनच मोटरहोमवाले? दादा म्हणाले, होय, पण आपलं मोटरहोम गवतावर चालायचं आणि शेणाचा पैसा वेगळा यायचा.

तर, काढता कसा येतो. टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात. त्यांच्यामधलं अंतर लहान टीव्हींना 75 किंवा 100 मिलिमीटर. हे माप जगभर एकच आहे, त्यामुळं त्या मापाची घडीची लोखंडी बाही कुणाच्याही टीव्हीला बसते. मोटरहोमसाठी मिळते तिला दोन गोष्टी जास्त असतात. एक म्हणजे खटका, गाडी चालताना बाही हलू नये म्हणून. नाहीतर पहिल्याच वळणावर टीव्ही दार उघडावं तसा उघडतो आणि मागं बसलेल्याच्या कपाळावर येतो. दुसरी म्हणजे पाठीवरची सरकती पट्टी. टीव्ही वर उचलला की पट्टीतून सुटतो, स्क्रू काढावे लागत नाहीत. पुतण्यानं व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं. उचलला, सुटला, ठेवला. दादांनी तीनदा करायला लावलं. मग म्हणाले, “आता डोळे मिटून कर.”

तेही त्यानं केलं. टीव्ही ठरला. कंपनीचं नाव आजतागायत ओसरीवर कुणाला ठाऊक नाही.

ऑक्टोबरात गाडी हिवाळ्यासाठी बंद करायची वेळ आली, तेव्हा कळलं की टीव्ही काढणं हा त्यातला अगदी छोटा भाग आहे. नळांतलं आणि टाकीतलं सगळं पाणी काढायचं, नाहीतर बर्फ होऊन नळ्या फुटतात. उरल्यासुरल्या पाण्यासाठी नळांतून एक गुलाबी औषध फिरवायचं. उंदीर येतात म्हणून खाण्याचा कण ठेवायचा नाही. बॅटरीही काढायची, भरलेली बॅटरी उणे पन्नासही सोसते, पण उतरलेली उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. बॅटरी उतरली की काय होतं हे दादांनी पुतण्याला आधीच सांगितलं होतं, फक्त ते थंडीच्या जागी रविवार म्हणाले होते.

सगळं काढून झाल्यावर पुतण्यानं मोबाइल फिरवून रिकामी गाडी दाखवली. टीव्ही निघाले होते, बाह्या भिंतीला मिटलेल्या, पुढच्या कपाटात नुसती पोकळी. आणि पोकळीच्या वर दोन तसबिरी.

वहिनींनी मोबाइल हातात घेतला.

“टीव्ही घरात नेला ना?”

“नेला, याडी. पांघरुणात गुंडाळून ठेवला. लगेच लावणार नाई, थंडगार वस्तू गरम घरात आणली का वाफेचं पाणी बसते तिच्यावर. उद्यापर्यंत तसाच ठेवतो.”

“टीव्हीले पांघरूण,” वहिनी म्हणाल्या. “आन् देवाले उणे तीस?”

पुतण्या तशाच चपला घालून गाडीत परत गेला. तेव्हापासून तिकडं हिवाळ्याचा क्रम ठरलेला आहे: आधी देव, मग बॅटरी, मग टीव्ही. सूनबाईंनी तो कागदावर लिहून गाडीच्या दारामागं चिकटवलाय. देवांनाही पांघरूण लागतं, पण त्यांना लगेच दिवा लावला तरी चालतो.

परवा सकाळी सातला पुन्हा कॉल. मोटरहोमचा फ्रीज बंद पडलाय. बघितला तर जुना फ्रीज निघाला दोन तऱ्हांचा. वीज असली की विजेवर चालतो आणि नसली की गॅसवर.

“गॅसवर फ्रीज?” दादांनी डब्याला टेकवलेला मोबाइल उचलून डोळ्यांजवळ नेला. “म्हंजे खालून जाळ लावला का आत थंड होते?”

“हो, बापू.”

दादांनी मोबाइल खाली ठेवला आणि ओसरीवरून आत आवाज दिला, “चहा वाढव वो. आज वेळ लागन.”